पहिल्या रात्रीची सुई आणि पहाटेचा ठणका

पत्र

डॉक्टर मॅडम, नमस्कार. मी मंगरुळपीर तालुक्यातला शेतकरी. माझी माय ६४ वर्षांची, वजन ४८ किलो. सारी जिंदगी निंदण करण्यात अन् कापूस वेचण्यात गेली, आता दोन्ही गुडघे गेले. सोयाबीनची सोंगणी आटोपली की अकोल्याला उजव्या गुडघ्याचा सांधा बदलायचं ठरलं आहे. तिला दहा वर्षांपासून शुगर आहे, गोळ्या चालू आहेत. भुलीचे डॉक्टर म्हणाले, कमरेत सुई देऊ, शिवाय मांडीत नसेजवळ बधिर करायचं औषध देऊ, आणि ते जास्त वेळ टिकावं म्हणून त्यात थोडं स्टेरॉईड मिसळू. घरी सांगितलं तर सगळ्यांनी नाही म्हटलं. २०२१ मध्ये कोरोनात मामांना स्टेरॉईड दिलं होतं, शुगर ५०० वर गेली, काळी बुरशी झाली, एक डोळा काढावा लागला. दुसरी गोष्ट, आमच्या शेजारच्या काकांचं हर्नियाचं ऑपरेशन झालं तेव्हा अशीच सुई दिली होती. संध्याकाळी बसून खिचडी खाल्ली आणि रात्री दोनला असे ओरडले की सारा वार्ड उठला. मग त्या सुईचा फायदा काय? मी हो म्हणू की नाही? आणि रात्री मायजवळ कोणी थांबावं, मी, बायको की बहीण? माय तर काही सांगतच नाही. विचारलं की म्हणते, ‘काही नाही बाप्पा.’

उत्तर

भाऊ, आधी उत्तर देते, मग कारणं. हो म्हणा. पण त्याआधी भूलतज्ज्ञांना दोन-चार गोष्टी सांगाव्या लागतील. त्यातली एक तुमच्या पत्रात नाही, आणि मला काळजी तिचीच आहे. तिच्याकडे येते.

आधी मामांविषयी. २०२१ च्या उन्हाळ्यात आपल्याकडच्या डोळ्यांच्या आणि कान-नाक-घशाच्या वार्डांत जे पाहिलं, ते आम्ही कोणी विसरलेलो नाही. ‘स्टेरॉईड’ म्हटल्यावर तुमच्या घरचे दचकले, तर त्याला अडाणीपणा मी तरी म्हणणार नाही. आणि लपवतही नाही. औषध बहुधा तेच असेल, डेक्सामेथासोन. जून २०२० मध्ये इंग्लंडमधल्या मोठ्या चाचणीत ऑक्सिजनवरच्या कोरोना रुग्णांचे जीव या औषधाने वाचतात असं दिसलं. तिथे मात्रा होती रोज ६ मिलिग्रॅम, जास्तीत जास्त १० दिवस. आपल्याकडे मात्र कित्येकांना त्याच्या दुप्पट-चौपट दिलं गेलं, ऑक्सिजनची गरज नसताना दिलं गेलं, आठवडेच्या आठवडे चालू राहिलं, आणि शुगर कोणी मोजली नाही. बुरशीला चढलेली साखर आणि दबलेली प्रतिकारशक्ती लागते. ती तिला आयती मिळाली.

तुमच्या मायला मिळेल ते ४ मिलिग्रॅम, फार तर ८, आणि तेही एकदाच. त्यातून मामांसारखं काही होत नाही. जखमेत पू होईल का, ही शंका आम्हा डॉक्टरांनाही होती. त्यासाठी आठ हजारांवर रुग्णांची एक आंतरराष्ट्रीय चाचणी झाली. निम्म्यांना ऑपरेशनच्या वेळी ८ मिलिग्रॅम डेक्सामेथासोनचा एकच डोस, निम्म्यांना नुसतं सलाईनचं पाणी. यात मधुमेहाचे रुग्णही होते. निकाल २०२१ मध्येच आला. महिनाभरात जखमेला संसर्ग झाला तो स्टेरॉईड मिळालेल्यांपैकी शेकडा ८.१ जणांना आणि न मिळालेल्यांपैकी ९.१ जणांना. म्हणजे एका डोसने संसर्ग वाढला नाही.

साखर मात्र वाढेल. पहिले २४ तास नक्की, कधी दुसऱ्या दिवशीही. ऑपरेशनच्या ताणानेही ती वाढते, त्यात ही भर. म्हणून वार्डात पहिला दिवसभर आणि रात्री दर चार-सहा तासांनी बोटातून साखर तपासायला सांगा. गरज पडली तर दोन दिवस इन्सुलिन देतील. तेव्हा घरात कोणीतरी म्हणेलच, ‘एकदा इन्सुलिन लागलं की सुटत नाही.’ तसं काही नसतं. हे पाहुण्यासारखं येतं आणि जातं. ऑपरेशनआधी तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी (एचबीए१सी) करून घ्या. ती ८ टक्क्यांच्या वर असेल तर बरेच सर्जन स्वतःच थांबायला सांगतात, आणि तुम्हीही घाई करू नका, गुडघा पुढच्या महिन्यातही तिथेच असणार आहे. आणखी एक, मायच्या शुगरच्या गोळ्यांची पट्टी सोबत न्या. औषधाच्या नावाच्या शेवटी ‘ग्लिफ्लोझिन’ असेल तर ती गोळी ऑपरेशनच्या तीनेक दिवस आधी बंद करावी लागते. ते डॉक्टरच सांगतील, पण पट्टी पाहिली तर सांगतील.

आता काकांची रात्र. तुमचा खरा प्रश्न मला तोच वाटतो.

तुम्ही शेतकरी आहात, म्हणून डीपीचं उदाहरण घेते. जखम म्हणजे वावरातली मोटर समजा. नस म्हणजे डीपीपासून आलेली लाईन. नसेजवळ बधिर करायचं औषध दिलं, बुपिव्हाकेन किंवा त्याच्या भावकीतलं रोपिव्हाकेन, की लाईन तेवढ्या वेळापुरती बंद. वावरात जे व्हायचं ते होतच असतं, सूज येते, टाके ओढतात, पण खबर मेंदूपर्यंत जात नाही. कमरेतल्या सुईचा असर दोन-तीन तास, फार तर चार. मांडीतल्या एका सुईचा साधारण दहा-बारा तास. हर्नियाच्या जखमेभोवती देतात त्याचा सहा-आठ तास. आणि आपल्याकडे काय होतं ते तुम्हाला ठाऊकच आहे. रात्री दोनला थ्री फेज वीज येते, सगळ्यांनी मोटर आपोआप सुरू करणारे ऑटो लावलेले असतात, आणि शिवारातल्या साऱ्या मोटरी एकदम सुरू होतात. काकांचं तेच झालं. दुपारी औषध दिलं, संध्याकाळी लाईन बंद होती म्हणून खिचडी गोड लागली, रात्री लाईन आली आणि दिवसभराचा ठणका एकदम आदळला. सुई फसली नव्हती. सुई संपली होती, आणि ती संपायच्या आत दुसरी सोय कोणी करून ठेवली नव्हती.

ही चूक मी स्वतः केली आहे. नोकरीला लागून वर्षही झालं नव्हतं तेव्हाची गोष्ट. एका शेतमजूर बाईच्या मोडलेल्या हाताची नस मी इतकी छान बधिर केली की ती ऑपरेशन चालू असताना माझ्याशी लेकीच्या लग्नाच्या गप्पा मारत होती. मी खुशीत घरी गेले. केसपेपरवर लिहिलं होतं, ‘दुखल्यास इंजेक्शन द्यावे.’ पहाटे तीनला तिला दुखलं. सिस्टर एकटी, वार्डात चाळीस रुग्ण, आणि इंजेक्शन कपाटात कुलुपबंद. सकाळी मी गेले तर बाई भिंतीकडे तोंड करून बसली होती, माझ्याशी बोलली नाही. ‘दुखल्यास’ हा शब्द मी त्या दिवसापासून केसपेपरवर लिहीत नाही. वेळ लिहिते.

स्टेरॉईड मिसळण्याचा उपयोग इथे आहे. बधिरपणा सहा-सात तासांनी लांबतो. हिशोब मांडू. ऑपरेशन सकाळी अकराला धरा. नुसत्या औषधावर मांडीची नस रात्री दहा-अकराच्या सुमारास जागी होईल, तेव्हा सर्जन घरी आणि वार्डात एक सिस्टर. स्टेरॉईड मिसळलं तर ती पहाटे पाच-सहाला जागी होते. चहाची गाडी फिरत असते, राऊंडची तयारी चालू असते. लाईन येणार तर आहेच, पण लाईनमन ड्युटीवर असताना आलेली बरी. यापेक्षा जास्त अपेक्षा त्या सुईकडून करू नका. सांधा बदलल्यावरचं सगळ्यात वाईट दुखणं पहिल्या दोन दिवसांचं असतं. ही सुई त्यातली एक रात्र तुमच्या हातात देते, दुसरी देत नाही. ऑपरेशननंतरच्या उलट्या-मळमळ मात्र या डोसने कमी होते, हा वरचा फायदा, आणि म्हातारीने सकाळी दोन घास खाल्ले तर शुगरची गोळीही नीट देता येते.

तरीही घरचे नसेजवळच्या स्टेरॉईडला तयार झाले नाहीत, तर भूलतज्ज्ञांना विचारा, ‘तेच औषध सलाईनमधून देता येईल का?’ बधिर करायचं औषध नसेजवळच, फक्त स्टेरॉईड शिरेतून. असरात फरक पडतो, पण थोडा. बधिरपणा तसाही बराच लांबतो. खरं सांगायचं तर डेक्सामेथासोनच्या माहितीपत्रकात नसेजवळ द्यायचा उपयोग छापलेला नसतो. जगभरचे भूलतज्ज्ञ अनुभवाच्या आणि अभ्यासांच्या आधारावर ते देतात, आणि काहीजण म्हणूनच शिरेतून देणं पसंत करतात. मी स्वतः शुगरच्या रुग्णाला ४ मिलिग्रॅमच्या पुढे जात नाही. तुमचे डॉक्टर वेगळं ठरवतील तर त्यांचं ऐका, रुग्ण त्यांच्यासमोर आहे.

आता ती न लिहिलेली गोष्ट. माय दहा-बारा वर्षं गुडघे घेऊन वावरात जात होती, मग ती घेत काय होती?

मी हे विचारते कारण उत्तर मला बहुतेक वेळा मिळतं, पण सुई भरून झाल्यावर, टेबलावर. आठवडी बाजारातली गुडघेदुखीची पुडी. कोणीतरी आणून दिलेली बारीक पांढरी गोळी, ‘एक घेतली की दिवसभर निंदण होते’ अशी. गावात येणाऱ्या एखाद्या बिनडिग्रीच्या डॉक्टरची महिन्याची सुई. जडीबुटी म्हणून विकलेल्या अशा पुड्यांमध्ये स्टेरॉईड मिसळलेलं सापडलेलं आहे. दोन दिवसांत जादूसारखा आराम, भूक वाढलेली, चेहरा गोल झालेला, हातापायांवर जरा लागलं की काळेनिळे डाग, आणि पुडी बंद केली की अंगात त्राण नाही. यातलं काही मायमध्ये दिसतं का, जरा शांतपणे आठवा. घरचे ज्या एका डोसला घाबरताहेत, त्याच्या कितीतरी पट ती गुपचूप घेत असू शकते.

आपल्या मूत्रपिंडांच्या वर दोन लहान ग्रंथी असतात, त्या शरीराचं स्वतःचं स्टेरॉईड बनवतात. बाहेरून तीन-चार आठवड्यांपेक्षा जास्त मिळत राहिलं की त्या झोपी जातात. मग ऑपरेशनसारखा मोठा ताण आला तर जागच्या जागी उठत नाहीत, आणि रक्तदाब कोसळू शकतो. भूलतज्ज्ञाला आधी माहीत असेल तर हे सांभाळणं अवघड नाही. माहीत नसेल तर आम्ही कारण शोधत बसतो. म्हणून पुडी असेल तर पुडीच घेऊन जा, कागदासकट. ऑपरेशन आलं म्हणून घाबरून ती एकदम बंदही करू नका, आधी दाखवा. माय ओशाळेल. तिला म्हणा, डॉक्टर रागावणार नाहीत, आणि खरंच रागावले तर मला कळवा.

याच ओघात गुडघ्यात घेतलेली इंजेक्शनं. गेल्या तीन महिन्यांत सांध्यात दुधासारखं पांढरं इंजेक्शन कोणी दिलं असेल, तर सर्जनना तारीख सांगा. ते वेगळ्या प्रकारचं, सांध्यात साचून हळूहळू सुटणारं स्टेरॉईड असतं, आणि त्यानंतर तीन महिन्यांच्या आत सांधा बदलला तर संसर्गाचा धोका वाढतो. नसेजवळ देतात ते डेक्सामेथासोन पाण्यासारखं स्वच्छ असतं. दोन्हींना स्टेरॉईडच म्हणतात, त्यामुळे लोकांची गल्लत होते, आणि कधीकधी आमचीही समजावताना होते.

वजन ४८ किलो लिहिलंत, बरं केलंत. ते अंदाजाने सांगितलेलं असेल तर काट्यावर करून घ्या. बधिर करायच्या औषधाला वजनाची मर्यादा असते. बुपिव्हाकेन किलोमागे साधारण २ मिलिग्रॅमच्या आत ठेवतात, म्हणजे मायसाठी शंभराच्या आत. त्यात मांडीतलं आलं आणि सर्जन टाके घालण्याआधी सांध्याभोवती टोचतात ते मिश्रणही आलं. मांडीतली नस गुडघ्याच्या समोरच्या बाजूची खबर नेते, मागच्या बाजूची खबर दुसऱ्या वाटेने जाते, म्हणून सर्जनचं ते मिश्रण लागतंच. आणि म्हणूनच रात्री माय म्हणाली की गुडघ्यामागे दुखतं, तर सुई बिघडली असं समजू नका. औषध दिल्यावर तोंडात लोखंडासारखी चव, ओठांभोवती मुंग्या, कानात शिट्टी असं काही वाटलं तर लगेच बोलायचं, हे मायला आधीच सांगून ठेवा. तुमची माय ‘काही नाही बाप्पा’ म्हणणारी आहे, म्हणून दोनदा सांगा.

गोळ्यांचा वेळ हा या पत्रातला सगळ्यात कामाचा भाग आहे, आणि सगळ्यात कमी लोक तो पाळतात. लाईन यायच्या आधी गोळी पोटात हवी. पॅरासिटामॉल ६५० मिलिग्रॅम दर सहा तासांनी, दुखत नसलं तरी, झोपेतून उठवून. ‘दुखत नाही तर गोळी कशाला’ असं घरातलं मोठं माणूस हमखास म्हणतं, आणि तिथेच काकांची रात्र तयार होते. त्याच्या जोडीला डायक्लोफिनॅक किंवा एसिक्लोफिनॅकसारखी गोळी द्यायची का, हे मायच्या मूत्रपिंडाचा रिपोर्ट पाहून डॉक्टर ठरवतील. दहा वर्षांची शुगर आहे, तेव्हा क्रिएटिनिन पाहिल्याशिवाय नको. घरी आल्यावर मेडिकलमधून दुखण्याची दुसरी गोळी आणू नका. एसिक्लोफिनॅकच्या बऱ्याच गोळ्यांत पॅरासिटामॉल आधीच मिसळलेलं असतं, मग एकच औषध दोनदा पोटात जातं आणि कोणाला कळतही नाही. ट्रामाडॉल हे दुखण्याचं जास्त जोरकस औषध दिलं तर घेरी आणि बद्धकोष्ठता होऊ शकते. ताक आणि पाणी भरपूर द्या, आणि रात्री बाथरूमला एकटी सोडू नका.

एकटी तर तशीही सोडायची नाही. मांडी बधिर असली की पायावर भरवसा नसतो, आणि म्हातारी माणसं ‘कशाला कोणाला उठवू’ म्हणून गुपचूप उतरतात. नवा सांधा घेऊन पडणं काय असतं ते तुम्हाला सांगायला नको. बधिर पायाला गरम पाण्याची पिशवी किंवा विटेचा शेक अजिबात नको. चटका बसलेला कळत नाही आणि फोड दुसऱ्या दिवशी दिसतो. शेकायचं असेल तर बर्फ, फडक्यात गुंडाळून, पंधरा-वीस मिनिटं. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंतही पाय पूर्ण बधिर असेल, किंवा गोळ्या घेऊनही ठणका चढतच चालला आणि पोटरी दगडासारखी घट्ट झाली, बोटं हलेनात, किंवा एकदम दम लागला, तर राऊंडची वाट न पाहता सिस्टरला गाठा.

राहिला रात्रीचा प्रश्न. तुम्ही थांबू नका. राग मानू नका, पण माय लेकाला दुखणं सांगत नाही. तुम्ही सकाळी वावरात जाणार, तुमची झोप मोडेल, हा हिशोब ती ऑपरेशनच्या टेबलावरही करेल. सुनेला सांगताना तिला मान आड येतो. बहीण येऊ शकत असेल तर बहिणीला थांबवा. आणि बहिणीला सांगा, ‘दुखतं का’ असं विचारायचं नाही, त्याचं उत्तर ठरलेलं आहे. ‘पाय हलवून दाखव’, ‘खोकून दाखव’ म्हणायचं आणि तोंडाकडे पाहायचं. कपाळाला आठी पडली की तेच उत्तर. मोबाईलमध्ये रात्री दहा आणि पहाटे चारचे अलार्म लावून ठेवायचे. चारचा जास्त महत्त्वाचा, कारण पाचला लाईन येते. तुम्ही सकाळी सहाला डबा घेऊन या. पहिल्या दिवशी मऊ भात आणि वरण पुरे, भाकर दुसऱ्या दिवशी.

आणि पुडीचं काय निघालं, ते मला नक्की लिहा.